मोगलीच्या कळपात आपला मुलगा

भारतातले पहिले स्काऊट पथक १९०९ साली बंगलोरमध्ये उभे राहिले, पण भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती. आज त्याच शहरात आठ-नऊ वर्षांची मुले गळ्यात स्कार्फ बांधून ‘कब’ होतात. आपल्या मुलाला तिथे पाठवण्याआधी घरातल्या मोठ्यांनी जाणून घ्याव्यात अशा काही गोष्टी.

आठ वर्षांच्या मुलाचा आठवडा हल्ली त्याच्या बाबांच्या आठवड्यापेक्षाही भरगच्च असतो. सोमवार-बुधवार अबॅकस, मंगळवार-गुरुवार कराटे, शनिवारी स्केटिंग, रविवारी चित्रकला. बेंगळुरूत त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे एका क्लासहून दुसऱ्या क्लासला जाताना सिग्नलवर गेलेला वेळ! हे सगळे क्लास आपापल्या जागी चांगलेच असतात. पण त्यांच्यात एक साम्य आहे. मुलगा तिथे एकटा शिकतो. कराटेचा पट्टा त्याचा, अबॅकसचे प्रमाणपत्र त्याचे, चित्राला मिळालेला चांदीचा कपही त्याचाच. शेजारी बसलेल्या मुलाला जमले की नाही, याचे त्याला सोयरसुतक नसते, आणि असण्याचे कारणही नसते.

कब पथकात नेमका हाच हिशेब उलटा होतो. सभेच्या सुरुवातीला नखे, रुमाल, बूट यांची तपासणी होते. गुण मात्र मुलाला मिळत नाहीत, त्याच्या गटाला मिळतात. म्हणजे सर्वांत धाकट्याची नखे वाढलेली असतील तर साऱ्या गटाचे गुण जातात. मग गटाचा नऊ वर्षांचा म्होरक्या सभेआधीच त्या चिमुरड्याचा हात हातात घेऊन पाहू लागतो. घरी आईने दहादा सांगूनही जे होत नाही ते तिथे न सांगता होते. पण नखे कापली जाणे हा वरवरचा फायदा. नऊ वर्षांच्या पोराला आपल्याहून लहान कुणाची तरी काळजी वाहावी लागते, ही खरी गोष्ट. एकुलत्या एका मुलांच्या घरांत तर अशी संधी शोधूनही सापडत नाही.

लांडग्याचे पिल्लू

‘कब’ म्हणजे पिल्लू, इथे लांडग्याचे. स्काऊट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर घेतले. त्यात श्रीमंतांच्या शाळांतली मुले होती आणि कामकरी घरांतलीही. पुढच्याच वर्षी ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे त्यांचे पुस्तक आले आणि जागोजागी पथके निघाली. या पथकांच्या मागे मागे मोठ्या भावांचे शेपूट धरून धाकटे भाऊ येऊ लागले. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न पडला. मोठ्यांचा कार्यक्रम त्यांना झेपणारा नव्हता आणि त्यांना घरी परत पाठवणे जिवावर येत होते. अखेर १९१६ मध्ये या धाकट्यांसाठी वेगळी शाखा निघाली. तिला गोष्ट हवी होती, आणि ती मिळाली रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मध्ये.

ही गोष्ट आपल्या फार जवळची आहे. किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईचा, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला. मोगलीचे रान म्हणजे मध्य प्रदेशातला सिवनीचा टापू, नागपूरकरांच्या शेजारचा. आज तिशी-चाळिशी ओलांडलेल्या आईबाबांना मोगली वेगळा सांगायला नको. १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीतून लागणाऱ्या त्या मालिकेपायी रविवारची अंघोळ लांबवणारी हीच ती पिढी. त्यातल्या शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता, हे तर मराठी घरांत अजूनही कौतुकाने सांगितले जाते.

कब पथकाचा प्रमुख, म्हणजे कबमास्तर, मुलांसाठी ‘अकेला’ असतो. अकेला हा कळपाचा शहाणा म्होरक्या लांडगा. मोगलीला जंगलाचा कायदा शिकवणारा बल्लू अस्वल आणि त्याची पाठराखण करणारा बगीरा हेही या गोष्टीतून पथकात येतात. सुरुवातीला सगळी मुले गोल करून लांडग्यासारखी उकिडवी बसतात आणि ‘आम्ही शिकस्त करू’ अशा अर्थाची आरोळी एका दमात ठोकतात. पहिल्यांदा ऐकणारे शेजारी गॅलरीत येऊन पाहतात! आरोळीतला शब्द मात्र नीट पाहण्याजोगा आहे. पहिला येईन असे वचन कब देत नाही, जमेल तितके करीन असे देतो.

रुमाल, गाठ आणि ताटातल्या वस्तू

कबचे नियम दोनच. मोठ्यांचा मान राखायचा आणि स्वच्छ व नम्र राहायचे. त्याच्या जोडीला रोज एक सत्कृत्य. आजीचा चष्मा शोधून देणे, वॉचमनकाकांना पाण्याची बाटली नेऊन देणे, असे काहीही चालते. मात्र त्याबद्दल चॉकलेट घ्यायचे नाही. बेडन-पॉवेल यांनी मुलांना एक युक्ती सांगून ठेवली होती. सकाळी गळपट्टीला गाठ मारायची आणि दिवसाचे सत्कृत्य झाले की सोडायची. आपल्याकडे बाजारातून काही आणायचे लक्षात राहावे म्हणून पदराला गाठ मारत, तसलाच हा प्रकार.

पथकात अधिक वेळ खेळात जातो. धावणे, पकडणे, गोल करून खेळणे हे तर असतेच, पण त्यातला एक खेळ घरीही करून पाहण्यासारखा आहे. किपलिंगच्याच ‘किम’ या कादंबरीवरून त्याला किमचा खेळ म्हणतात. एका ताटात वीस-पंचवीस वस्तू मांडायच्या. लिंबू, सांडशी, किल्ली, बटण, लवंग, पेनाचे टोपण, काडेपेटी, जुने नाणे, जे हाताला लागेल ते. वर रुमाल झाकायचा. मुलांना भोवती बसवून एक मिनिट रुमाल काढायचा आणि परत झाकायचा. मग ज्याने त्याने आठवतील त्या वस्तू कागदावर लिहायच्या. पहिल्या खेपेला मोठी माणसेही दहा-बारांवर अडकतात. दोन-तीन खेपांनंतर मुले हुशार होतात आणि वस्तूंचे गट पाडून लक्षात ठेवू लागतात. स्वयंपाकघरातल्या इतक्या, दप्तरातल्या इतक्या. ही पद्धत त्यांना कुणी शिकवलेली नसते. पावसाळ्यात पोरे घरात धुडगूस घालतात तेव्हा हा खेळ आईला अर्धा तास तरी शांतता मिळवून देतो.

गाठी हा दुसरा आवडता विषय. पहिली शिकवतात ती रीफ नॉट. उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. दोन्ही वेळा उजवेच वर आणले तर होणारी गाठ दिसते तशीच, पण ताण पडला की सरकते. खरी रीफ नॉट चपटी बसते, टोचत नाही आणि सोडायची तेव्हा पटकन सुटते, म्हणून ती प्रथमोपचाराच्या पट्टीला वापरतात. बुटाची नाडी दिवसातून चारदा सुटणाऱ्या मुलाच्या घरच्यांनी यावर जरूर लक्ष ठेवावे. नाडीच्या फुलातली चूकही बहुधा हीच असते.

आणखी एक गंमत. स्काऊट डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. डावा हात काळजाच्या जवळचा, असे त्याचे कारण मुलांना सांगतात. आपल्या घरांत डावा हात पुढे केला की आजीच्या भुवया वर जातात. तेव्हा नातवाने पहिल्या सभेनंतर घरी येऊन डावा हात पुढे केला, तर तो शिस्त विसरलेला नाही, उलट शिकून आला आहे, हे तिला आधीच सांगून ठेवलेले बरे!

सभेत प्रार्थना असते, ध्वजगीत असते, आणि दोन्ही वेळेत बसवायची असतात. प्रार्थनेला नव्वद सेकंद आणि ध्वजगीताला पंचेचाळीस. कबच्या वचनात ईश्वर आणि देश यांच्याविषयीचे कर्तव्य येते. ज्या घरांत ईश्वर हा शब्द नको असेल त्यांनी त्याजागी ‘धर्म’ म्हणावे, अशी मोकळीक भारत स्काऊट्स अँड गाईड्सने ठेवली आहे. सर्व धर्मांच्या घरांतली मुले एका रिंगणात बसतात, तेव्हा ही सोय कामाची ठरते.

कॅंटोन्मेंटमधले बंद दार

आज हे सगळे इतके सहज वाटते. पण ज्या शहरात भारतातले स्काऊटिंग जन्मले, तिथे ते जन्मले भारतीय मुलांना बाहेर ठेवून. १९०९ साली कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगलोरच्या बिशप कॉटन शाळेत पहिले पथक काढले. पुढच्या एक-दोन वर्षांत खडकी, लोणावळा, जबलपूर, सिमला, मद्रास इथे पथके निघाली. खडकी आणि लोणावळा ही नावे वाचून मराठी वाचकाला क्षणभर अभिमान वाटेल, पण तिथेही प्रवेश युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांनाच होता. कॅंटोन्मेंटच्या मैदानावर गोरी मुले तंबू ठोकत, आणि पेठेतली मुले ते लांबून पाहत.

हे दार आतून उघडले नाही, तेव्हा बाहेरच्यांनी आपली घरे बांधली. श्रीराम बाजपेयींनी शहाजहानपूरला भारतीय मुलांचे काम सुरू केले. मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या साहाय्याने त्यातून सेवा समितीचे स्काऊट उभे राहिले. मद्रासेत डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्यासह भारतीय मुलांची निराळी संघटना काढली. त्यांच्या स्काऊटांच्या डोक्याला हॅटऐवजी फेटा आणि तोंडी इंग्रजीऐवजी देशी गाणी होती. म्हैसूर संस्थानातही १९१७ पासून स्काऊट होते.

१९२१ मध्ये स्वतः बेडन-पॉवेल भारतात आले आणि एकीकरणाची बोलणी झाली. बेझंट यांची मंडळी सामील झाली, सेवा समितीने मात्र आपली चूल वेगळीच ठेवली. १९३७ मध्ये दिल्लीला मोठा मेळावा भरला. त्यानंतर बेडन-पॉवेल यांनी भारतीयांविषयी काढलेल्या अनुदार उद्गारांमुळे अनेक जण चळवळीतून बाहेर पडले आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. ज्याने जगातल्या मुलांना बंधुभाव शिकवला त्यालाच हे भान राहिले नाही, हे नमूद करायलाच हवे. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी प्रमुख संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स अँड गाईड्स ही संस्था झाली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला मुलींची गाईड संघटनाही तिच्यात आली. बेंगळुरूच्या उत्तरेला दोड्डबळ्ळापूरजवळ स्काऊटांचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्याला अ‍ॅनी बेझंट यांचे नाव दिले आहे, बेकरसाहेबांचे नाही.

नाव कुठे घालायचे?

पाच ते दहा वर्षांचा मुलगा कब होऊ शकतो. दहानंतर तो स्काऊट होतो, ज्याला आपल्याकडे जुन्या मंडळींच्या तोंडी ‘बालवीर’ हा सुंदर शब्द आहे. त्याच वयाच्या मुलींसाठी बुलबुल आणि नंतर गाईड ही शाखा असते. एका कब पथकात जास्तीत जास्त चोवीस मुले असतात आणि सहा-सहांचे गट पडतात. कब चार चरणांनी वर चढतो आणि शेवटी ‘गोल्डन अ‍ॅरो’ या राष्ट्रीय पुरस्काराला पात्र ठरू शकतो. स्काऊटसाठी पुढे सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या आहेत.

काही पालक विचारतात, ‘हे एन.सी.सी.सारखेच ना?’ नाही. एन.सी.सी. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तिचा सैनिकी शिक्षणाशी संबंध आहे. बेडन-पॉवेल लष्करात होते हे खरे, पण कबच्या हातात दोरीच्या तुकड्याखेरीज दुसरे शस्त्र नसते.

भारतात बहुतेक पथके शाळांमध्ये चालतात. तेव्हा पहिली चौकशी मुलाच्या शाळेतच करावी. शाळेत पथक नसेल तर मुक्त पथकाचा शोध घ्यावा. अशा पथकात कोणत्याही शाळेतल्या मुलाला जाता येते. कर्नाटकच्या राज्य शाखेचे कार्यालय बेंगळुरूत पॅलेस रोडवर आहे. घराजवळचे नोंदणीकृत पथक कोणते, हे तिथून किंवा जिल्हा शाखेकडून कळू शकते.

महाराष्ट्रातून बदलीवर आलेल्या कुटुंबांना मुक्त पथकाचा आणखी एक उपयोग होतो. पुण्याहून किंवा सांगलीहून आलेला मुलगा वर्गात इंग्रजी बोलतो, सोसायटीत हिंदी बोलतो आणि कानडी मात्र वर्षानुवर्षे ‘गोत्तिल्ला’वरच थांबते. रिंगणात त्याच्या गटात कानडी, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले असतात. खेळताना ओरडायला व्याकरण लागत नाही. ‘बा’, ‘ओडु’, ‘नोडु’ हे शब्द पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा पळता पळता लवकर तोंडी बसतात.

खर्चाचे म्हणाल तर वार्षिक शुल्क नाममात्र असते. करडा शर्ट, निळी चड्डी, टोपी, स्कार्फ हा गणवेश आणि शिबिराचे पैसे हाच काय तो खर्च. गणवेश पहिल्याच दिवशी शिवायला टाकू नये. मुलगा तीन-चार सभा रमतो का ते पाहावे. प्रवेशाचे टप्पे पूर्ण करून वचन घेईपर्यंत स्कार्फ मिळत नाही, त्यामुळे घाई करून उपयोगही नसतो.

विचारायलाच हवे

या विषयावर संकोच बाजूला ठेवून बोलावे लागते. अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तो लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे. दावे ऐंशी हजारांहून अधिक होते, त्यांतले कितीतरी अनेक दशकांपूर्वीचे. गणवेश आणि वचन यांच्या आडोशाला वाईट माणसे लपू शकतात, हे त्या प्रकरणाने जगाला दाखवले. जागतिक स्काऊट संघटना आज मुलांच्या सुरक्षेसाठी ‘सेफ फ्रॉम हार्म’ नावाचे धोरण राबवते. आपल्याकडे २०१२ पासून पोक्सोचा कायदा आहे. पण धोरण आणि कायदा यांच्याआधी मुलाचे आईबाबा उभे असतात.

तेव्हा पथकाला सरळ प्रश्न विचारावेत. नोंदणी आहे का, आणि तिचा क्रमांक काय? प्रमुखाने कोणते प्रशिक्षण घेतले आहे? सभेला आणि शिबिराला किमान दोन मोठी माणसे कायम हजर असतात का? एकटा मोठा माणूस आणि एकटे मूल, असा प्रसंग येऊ नये यासाठी काय करतात? शिबिरात झोपण्याची, स्वच्छतागृहाची, पाण्याची सोय कशी आहे? तळ्याकाठी जायचे असेल तर पोहता येणारे कोण आहे? आणि पालकांना मध्येच येऊन पाहता येते का?

चांगला कबमास्तर या प्रश्नांनी दुखावला जात नाही. उलट त्याच्याकडे उत्तरे तयार असतात. ज्याला राग येईल, किंवा जो ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणेल, तिथून मुलाला घेऊन नमस्कार करावा आणि परत यावे. मुलालाही घरी येऊन काहीही सांगता येईल, न रागावता ऐकून घेतले जाईल, हे त्याला आधीपासून ठाऊक असले पाहिजे.

अकेला व्हायला कोण तयार आहे?

पथकाच्या दारात उभे राहून मुलाला आत सोडणारे आणि मोबाईल पाहत गाडीत बसणारे पालक पुष्कळ असतात. अडचण अशी की कब पथक हा क्लास नाही. तिथे पगारी मास्तर नसतो. शाळेतला एखादा शिक्षक आपले तास सांभाळून, किंवा एखादा नोकरदार आपली सुट्टी मोडून हे काम करतो. त्याची बदली झाली, की चोवीस मुलांचा कळप पोरका होतो. मग दोरखंड, झेंडा आणि ताटातल्या त्या वस्तू शाळेच्या कुठल्यातरी कपाटात पडून राहतात.

म्हणून पथके पालकांमधूनच माणसे शोधत असतात. बायकांनी यात मागे राहण्याचे कारण नाही. भारत स्काऊट्स अँड गाईड्सच्या नियमांत ‘लेडी कबमास्तर’ हे पद पहिल्यापासून धरलेले आहे, आणि कब शाखा सुरू झाली तेव्हा बेडन-पॉवेल यांच्या हाताशी व्हेरा बार्कले ही तरुणीच होती. प्राथमिक प्रशिक्षण सात दिवसांचे, निवासी असते. त्यानंतर वरचे प्रशिक्षण घेता येते आणि सर्वांत शेवटी हिमालय वुड बॅज मिळतो. हा बॅज म्हणजे गळ्यात घालायच्या चामडी दोरीतले दोन लाकडी मणी. त्याचे देशातले मोठे केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे.

सात दिवसांची रजा मिळणे कठीण, हे खरे. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठीही पथकात कामे असतात. गृहपाठासारखी हजेरी लिहिणे, शिबिराच्या भाताचा अंदाज करणे, प्रथमोपचाराची पेटी भरणे, मुलांना गोष्ट सांगणे. निवृत्त आजोबांनी तर यात जरूर पडावे. जंगल बुक एकदा वाचून काढले की पुढच्या शनिवारी रिंगणात बसायला ते तयार. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मिळते, फक्त आरोळी सगळ्यांबरोबर ठोकावी लागते.